जुन्या एमटीबीचे (माउंटन बाइकचे) डिस्क ब्रेक बदलले, माझा अनुभव
इंदूरजवळच्या रालामंडलच्या उतारावर मागचा ब्रेक नुसता किंचाळत होता, सायकल थांबेचना, घरी बघितलं तर पॅड पार संपलेले आणि रोटर, म्हणजे पॅड जिला पकडतात ती चाकावरची चकती, जेमतेम १.४ मिमी जाड, १.५ च्या खाली गेला की बदलायचाच. सायकल १२ वर्षं जुनी, पण फ्रेम दणकट आहे हो, टाकवत नाही. रोटरच्या बोल्टना लागणारी टी-२५ ची (चांदणीसारख्या टोकाची) चावी शेवटी सियागंज बाजारात मिळाली. नव्या रोटरचे सहा बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे कसले, रोटरला बोट लावू नका, तेलकट झाला की पॅड वाया. खरी कटकट कॅलिपरची, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाची, त्यातले पॅड दाबणारे पिस्टन आत ढकलले तरी रोटर घासतच होता, मग कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले केले, आईला ब्रेकचा लीव्हर दाबून धरायला सांगितलं आणि तसेच कसले, आवाज बंद! नंतर गल्लीत वेग घेऊन वीसेक वेळा ब्रेक लावले तेव्हा कुठे पकड आली.