अ‍ॅप स्टोअरच्या शोधात वर येण्यासाठी कीवर्ड कसे निवडावेत

नवीन अ‍ॅपने सगळ्यात लोकप्रिय शब्दामागे धावू नये. 'फिटनेस' हा शब्द लाखो लोक शोधत असले, तरी पन्नासाव्या क्रमांकावरचं अ‍ॅप बघायला कुणी खाली जात नाही. कमी शोधल्या जाणाऱ्या पण नेमक्या शब्दावर पहिल्या पाचांत असणं कितीतरी फायद्याचं.

आधी शब्द गोळा करा. समजा, अ‍ॅप पाणी पिण्याची आठवण करून देणारं आहे. स्टोअरच्या शोधपट्टीत 'वॉटर' टाइप करून थांबा आणि खाली येणाऱ्या सूचना टिपून घ्या. लोक खरोखर काय शोधतात ते तिथेच दिसतं. मग आपल्या आणि स्पर्धकांच्या अ‍ॅपवरचे रिव्ह्यू वाचा. बनवणारा 'हायड्रेशन' म्हणतो, वापरणारा 'पाणी प्यायची आठवण'. वापरणाऱ्याचा शब्द धरा.

आता प्रत्येक शब्द स्वतः शोधून पहिले दहा निकाल बघा. बहुतेकांच्या नावातच तो शब्द असेल आणि रिव्ह्यू हजारोंनी असतील, तर तो सध्या बाजूला ठेवा. निकाल वेगळ्याच प्रकारच्या अ‍ॅपचे असतील, तर शोधणाऱ्याला दुसरंच काही हवंय. तो शब्द कायमचा काढा.

शब्द कुठे ठेवायचे, हे दोन्ही स्टोअरमध्ये वेगळं आहे. अ‍ॅपलकडे नावाला ३० अक्षरं, सबटायटलला (नावाखालच्या छोट्या ओळीला) ३० आणि वापरकर्त्याला न दिसणारा कीवर्डचा रकाना १०० अक्षरांचा. सर्वांत जास्त वजन नावातल्या शब्दाला. हे तिन्ही रकाने एकत्र जुळवले जातात, म्हणून नावात 'वॉटर रिमाइंडर' असेल तर कीवर्डमध्ये फक्त 'ड्रिंक' पुरे. 'ड्रिंक वॉटर रिमाइंडर' या शोधालाही अ‍ॅप पात्र ठरतं. तोच शब्द पुन्हा लिहिला तर जागा वाया जाते. शब्द स्वल्पविरामाने तोडा, पण स्वल्पविरामानंतर स्पेस देऊ नका, कारण तीही शंभरात मोजली जाते. एकवचन घेतलं असेल तर अनेकवचन नको, 'अ‍ॅप' हा शब्द आणि कॅटेगरीचं नावही नको. स्पर्धकाचं ब्रँडनाव टाकलं तर अ‍ॅप नाकारलं जाऊ शकतं.

गूगल प्लेवर असा वेगळा रकाना नाही. नाव ३० अक्षरं, छोटं वर्णन ८०, मोठं वर्णन ४०००, आणि शब्द यांतूनच उचलले जातात. मुख्य शब्द नावात आणि छोट्या वर्णनात घ्या, मोठ्या वर्णनात वाक्याच्या ओघात येतील तेवढेच. शब्दांची नुसती रांग लावणं नियमाविरुद्ध आहे. नावात 'बेस्ट', 'नंबर वन' किंवा इमोजीही चालत नाही.

बदल केल्यावर तीन-चार आठवडे हात लावू नका. त्याच काळात आयकॉन किंवा स्क्रीनशॉट बदलले, तर फरक कशामुळे पडला हे कळणार नाही. अ‍ॅपलवर कीवर्ड बदलायला नवी आवृत्ती पाठवावी लागते, म्हणून पुढच्या अपडेटची तारीख बघूनच आखणी करा. मुदत संपली की पहिल्या दहांत आलेले शब्द तसेच ठेवा आणि तळाशी राहिलेलेच बदला. शोधातून अ‍ॅप पुष्कळांना दिसतं पण इन्स्टॉल कमी होतात, असं आकडे सांगत असतील, तर कीवर्ड बदलण्याआधी पहिला स्क्रीनशॉट तपासा: शोधलेल्या गोष्टीचं उत्तर त्यात दिसतंय का?