घरसंगती कशी सुरू करावी आणि कशी टिकवावी

चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत माणूस गीत गातो, उपदेश ऐकतो, आशीर्वाद घेतो आणि घरी जातो. त्याची नोकरी गेली आहे, घरात अबोला आहे, गेले कित्येक महिने त्याचं प्रार्थनेत मन लागत नाही, यातलं काहीही त्या दीड तासात कोणाला कळत नाही. मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, दीडशे-दोनशे जणांची असेल तर पाळकसाहेबांनाही, म्हणजे तिच्या धर्मगुरूंनाही, कळणं शक्य नसतं. म्हणून आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी आठ-दहा जणांनी एकत्र बसावं. कुठे त्याला घरसभा म्हणतात, कुठे कॉटेज मीटिंग, कुठे सेल. पद्धत नवी नाही. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला प्रेषित पौलाने बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सलाम सांगितला आहे.

अशा संगतीला आम्ही एकच माप लावतो. जो रविवारी कधी बोलत नाही, त्याला इथे बोलता आलं का? पुढच्या सगळ्या सूचना त्याच मापाच्या आहेत.

सुरुवातीची जुळवाजुळव

आधी पाळक आणि मंडळीची कमिटी यांना सांगा, त्यांचा होकार घ्या. हे टाळलं तर काही महिन्यांत त्या घरी ‘वेगळी मंडळी’ निघाल्याची कुजबुज सुरू होते आणि कधीकधी ती खरीही ठरते. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन मंडळीत, दीक्षित पाळकांच्या हातून. घरसंगतीने त्यात पडू नये. महिन्यातून एकदा पाळकांनी येऊन बसावं, पण त्या दिवशीही उपदेश करू नये.

माणसं आठ ते बारा. पाचांहून कमी असतील तर दोघं आजारी पडली की सभा बंद. बारांच्या पुढे गेलं की बोलके बोलतात, बाकीचे ऐकतात आणि रविवारचीच नक्कल होते. चालवणारे दोघं असावेत, त्यातली एक बाई असलेली बरी, कारण बऱ्याच गोष्टी बायका पुरुष पुढाऱ्याला सांगत नाहीत. ज्यांच्या घरी सभा आहे त्यांच्यावर चालवण्याचं काम टाकू नका. त्यांचं अर्धं लक्ष दारावर आणि गॅसवर असतं.

पहिली फेरी सहा आठवड्यांची ठेवा, त्यासाठी उपवासकाळ उत्तम. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत (ईस्टर) सहा-साडेसहा आठवडे मिळतात, लोकांचं मनही तयार असतं. शेवटची तारीख ठरलेली असली की ‘हो’ म्हणणं सोपं जातं. सहा आठवड्यांनी सगळ्यांना विचारा, पुढे चालू ठेवायचं का.

वेळ लोकांच्या पोटापाण्याकडे बघून ठरवा. मुंबईत लोकलने येणारी माणसं आठच्या आधी घरात नसतात. खेडेगावात डेअरीला दूध घातल्यावर माणूस मोकळा होतो. बीड-अहिल्यानगर पट्ट्यातल्या मंडळ्यांनी एक गोष्ट धरूनच चालावं: दिवाळीच्या सुमारास काही कुटुंबं ऊसतोडीला निघतात ती उन्हाळा लागताना परततात. ती माणसं गैरहजर नाहीत, कामावर आहेत. निघण्यापूर्वीच्या सभेत त्यांची नावं घेऊन प्रार्थना करा, फोन नंबर लिहून घ्या आणि दर आठवड्याला कोणी फोन करायचा हे तिथेच वाटून घ्या. हे केलं नाही तर परतल्यावर ती माणसं संकोचाने येत नाहीत.

कोणाचं घर, काय खायचं, कुठे बसायचं

एकाच घरी जमणं सोयीचं, पण आमचा कल घरं फिरवण्याकडे आहे. फिरत्या सभेतला मोठा धोका खाण्याचा. पहिल्या घरी चहा, तिसऱ्या घरी भजी, सहाव्या घरी बिर्याणी. मग ज्याला ते झेपत नाही ते कुटुंब काहीतरी कारण काढून आपली पाळी टाळतं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल नेमका याच गोष्टीवर चिडला आहे: ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता. पहिल्याच दिवशी नियम सांगा: चहा आणि बिस्किटं, फार तर पोहे. नियम मोडायला पहिला सुखवस्तू माणूसच पुढे येतो, त्याला प्रेमाने थांबवा.

बसायचं तर सगळ्यांनी सतरंजीवर, नाहीतर सगळ्यांनी खुर्चीवर. गुडघे दुखणाऱ्या आजींना खुर्ची द्या, ते वेगळं. पण सोफ्यावर कमिटीवाले आणि खाली बाकीचे, असं बसवलं की याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय, श्रीमंताला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी असं करू नका म्हणणारा, वाचायचा अधिकार उरत नाही. आपल्या मंडळ्यांत जातीच्या आणि भावकीच्या जुन्या रेषा अजून आहेत. कोण कोणाच्या घरी सहज पाणी पितं हे महिन्याभरात दिसतं. म्हणून ज्या घरी मंडळीतले लोक सहसा जात नाहीत, ते घर पहिल्या दोन-तीन पाळ्यांत घ्या.

दीड तास कसा वापरावा

गीतांना पंधरा मिनिटं, वचनाला चाळीस, प्रार्थनेला पंचवीस, उरलेला वेळ चहाला. ठरलेल्या वेळी सुरू करा, दोघंच आले असतील तरी.

गीतं तीन पुरेत. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी अभंग आणि भजनांची रीत ख्रिस्ती उपासनेत आणली, ती घरसंगतीला सर्वांत शोभते. टाळ आणि ढोलकी असली की पुस्तक न पाहताही धरता येतं, आणि वाचता न येणारा माणूस ध्रुपदावर सामील होतो. पेटी असेल तर आधी गाण्यातली सर्वांत उंच ओळ म्हणून बघा. ती ओरडून म्हणावी लागत असेल तर पट्टी एक-दोन स्वर खाली घ्या. लोक गात नाहीत याचं कारण पुष्कळदा अश्रद्धा नसतं, पट्टी उंच असते. नवं कोरस शिकवायचं असेल तर महिन्याला एकच, आणि तेच सलग चार आठवडे म्हणा.

वचनासाठी मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय, चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान, घटना भराभर घडतात. आठवड्याला पंधरा-वीस वचनं घेतली तर साधारण नऊ-दहा महिन्यांत पुरं होतं. उतारा दोनदा वाचा: एकदा पवित्र शास्त्राच्या नेहमीच्या भाषांतरातून, एकदा सोप्या मराठीतून. दुसऱ्या वेळी वाचणारा वेगळा असावा. कोणाला वाचायला लावण्याआधी त्यांना खासगीत विचारा. वाचता येत नाही हे चारचौघांत उघडं पडलं की तो माणूस पुन्हा येत नाही.

मग तीनच प्रश्न. इथे काय घडलं? यात येशू कसा दिसतो? या आठवड्यात मला यातलं काय करायचं आहे? पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण तो वगळू नका. ज्याला वाटतं आपल्याला शास्त्र कळत नाही, तो ‘चौघांनी छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला खाली सोडलं’ एवढं नक्की सांगू शकतो, आणि एकदा तोंड उघडलं की पुढचं सोपं जातं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आणि ठोस हवं. ‘मी विश्वासात वाढेन’ याचा पुढच्या आठवड्यात हिशेब लागत नाही. ‘भावाला फोन करेन’ याचा लागतो. पुढच्या सभेची सुरुवात त्यापासूनच करा: केला का फोन?

प्रश्न विचारल्यावर गप्प बसायला शिका. मनातल्या मनात तीसपर्यंत आकडे मोजा. चालवणारा घाबरून स्वतःच उत्तर देतो आणि तिथेच चर्चा संपते. चालवणाऱ्याचं बोलणं सगळं मिळून पाच-सात मिनिटांच्या वर जाऊ नये. पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं तेव्हा युतुख खिडकीतून खाली पडला, हे प्रेषितांच्या कृत्यांत लिहून ठेवलंय ते उगाच नाही.

एखादा जाणकार प्रत्येक वेळी दहा संदर्भ उघडायला लावतो, लोक पानं उलटत बसतात. नियम करा: आज फक्त समोरचा उतारा. तरीही तो थांबत नसेल तर सभेनंतर त्याला बाजूला घेऊन एक काम द्या: नव्याने आलेल्या एका माणसाला आठवड्यात भेटून वचन शिकवायचं.

प्रार्थना

‘कोणाचे काही विषय?’ असं विचारलं की वीस मिनिटं नातेवाइकांच्या आजारांची यादी होते आणि प्रार्थनेला पाच मिनिटं उरतात. त्याऐवजी तिघांतिघांचे गट करा. बायकांचे वेगळे केले तर अधिक मोकळं बोलणं होतं. प्रत्येकाने स्वतःबद्दलची एक गोष्ट सांगायची, लगेच शेजारच्याने दोन वाक्यांत प्रार्थना करायची. लांब प्रार्थनेने नवखा बुजतो. ज्याला मोठ्याने जमत नाही त्याने ‘आमेन’ म्हणावं, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून.

इथे ऐकलेलं बाहेर जाणार नाही, हे दर वेळी नव्याने सांगा. सर्वांत जास्त घरसंगती याच ठिकाणी मोडतात. ‘अमक्या ताईंच्या घरच्या भांडणासाठी प्रार्थना करा’ असा निरोप व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेला की ती ताई कायमची गेली. ग्रुपवर फक्त वार, वेळ, पत्ता. मात्र एक अपवाद पहिल्यापासून स्पष्ट ठेवा: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर गुप्तता नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे ‘मंडळीत मिटवू’ हा पर्याय नसतो. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर भिंतीवर लावून ठेवा. मुलांचा गट वेगळ्या खोलीत बसत असेल तर दोन मोठी माणसं हवीत आणि दार उघडं.

आजाऱ्यासाठी जरूर प्रार्थना करा, याकोबाने सांगितल्याप्रमाणे मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलवा. पण गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं तर त्याच क्षणी, सगळ्यांसमोर थांबवा. मधुमेह, फिट्स, टीबी आणि मानसिक आजार यांत औषध तोडण्याने जीव जातात.

पैसे

घरसंगतीत अर्पण न घेतलेलंच बरं. घेतलं तर दोघांनी मोजावं, वहीत दोघांच्या सह्या व्हाव्यात आणि रक्कम त्याच रविवारी मंडळीच्या खात्यात जमा करून पावती आणावी. कोणाच्या खासगी यूपीआयवर पैसे घेऊ नका, माणूस कितीही प्रामाणिक असला तरी. कोणाला फी किंवा दवाखान्यासाठी मदत हवी असेल तर ती पाळकांमार्फत द्या, नावं न सांगता. गटात उसनवारी सुरू झाली की घेणारा येईनासा होतो.

शेजाऱ्यांपर्यंत

घरात गाणी चालली की शेजारी विचारतातच. तिथेच खरी साक्ष सुरू होते, आणि ती आधी आवाजाने बिघडते. माईक-स्पीकर लावू नका. दहा जणांना त्याची गरज नाही. दहाच्या आत उठा, चपला जिन्यात पसरू देऊ नका, गाड्या दुसऱ्यांच्या जागेत लावू नका. वरच्या मजल्यावरच्या मुलाची परीक्षा असेल तर तो आठवडा ढोलकी बाजूला.

संविधानाचं २५ वं कलम धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केलं आहे. आपल्या राज्यात सध्या काय नियम आहेत ते एखाद्या वकिलाकडून समजून घ्या. पण कायद्याची भीती नसती तरी आमिष आणि दबाव शुभवर्तमानाला शोभले नसते. नोकरी, शाळेतला प्रवेश, बरं होण्याची हमी, यांतलं काहीही कोणाला देऊ करू नका. बोलावताना सरळ सांगा: ‘आमच्याकडे बायबलवाचन आणि प्रार्थना असते, यायचं असेल तर या.’ वाढदिवस सांगून बोलावणं म्हणजे फसवणूक. आईवडिलांना विचारल्याशिवाय मुलांना बसवू नका. पाहुण्याचे फोटो काढू नका.

साक्ष सांगायची तर तीन मिनिटांत: मी कसा होतो, ख्रिस्त मला कसा भेटला, आज काय बदललं आहे. दुसऱ्याच्या देवाबद्दल, सणाबद्दल एक शब्दही वाकडा नको. स्वतःचं आधीचं पाप रंगवून सांगू नका. तारण, अभिषेक, आत्म्याने भरणं हे शब्द नवख्याला कळत नाहीत, तेव्हा घडलं ते घरच्या भाषेत सांगा. शेजारणीने दुखणं सांगितलं तर विचारा, ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?’ नाही म्हणाल्या तर विषय संपला, डबा मात्र पोचवा. हो म्हणाल्या तर चार वाक्यं, साध्या आवाजात, डोक्यावर हात न ठेवता. पेत्राने पहिल्या पत्रात विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहायला सांगितलं आहे, आणि ते सौम्यतेने. म्हणजे आधी कोणी विचारायला हवं, आणि तसं विचारावंसं वाटेल असं आपलं वागणं हवं.

भांडण आणि वाढ

दोघांचं बिनसलं तर मत्तय अठराव्या अध्यायातला क्रम पाळा: आधी एकट्याने एकट्याला भेटा, मग एक-दोघांना बरोबर न्या, मगच मंडळी. बहुतेक ठिकाणी लोक थेट तिसरी पायरी चढतात किंवा फोनवर चौथ्यालाच सांगतात.

बारांच्या वर माणसं सलग दोन महिने येत राहिली की गट दोन करा. यात सगळ्यांना दुःख होतं, म्हणून घाई नको. तीन महिने आधी सांगा. पुढे चालवणाऱ्या जोडीला त्या काळात दर दुसऱ्या सभेला चालवायला द्या. माणसं राहत्या भागाप्रमाणे वाटा, मैत्रीप्रमाणे नाही. कोणालाही एकटं पाठवू नका, निदान दोन ओळखीची कुटुंबं बरोबर असावीत. वेगळं झाल्यावर तीन महिने दर महिन्याच्या शेवटच्या सभेला दोन्ही गट एकत्र बसवा, आणि त्या दिवशी चहाची जबाबदारी नव्या गटाकडे द्या.