सर्व्हर व्हर्च्युअल करताय? सॉफ्टवेअर शेवटी निवडा

गोव्यात कुंडई किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याच ऑफिसांत एका कोपऱ्यात तीन-चार जुने सर्व्हर धूळ खात चालू असतात. एकावर टॅली, एकावर हजेरी, एकावर फायली, आणि एक असा, की त्याला हात लावायला कोणी धजत नाही. हे सगळे एका दणकट मशीनवर, त्यात सॉफ्टवेअरने बनवलेली वेगवेगळी 'व्हर्च्युअल मशीन' म्हणून, आणायचे ठरले की लगेच वाद सुरू होतो, की त्यासाठी सॉफ्टवेअर कोणते: व्हीएमवेअर, हायपर-व्ही की प्रॉक्समॉक्स? खालची कामे आधी उरका, निम्मा वाद तिथेच मिटेल.

१. यादी करा. प्रत्येक सर्व्हरवर काय चालते, रॅम किती बसवली आहे आणि खरोखर किती लागते, ते लिहा. हे पाहायला निवांत दिवस निवडू नका. जीएसटीचे रिटर्न भरायचे दिवस, म्हणजे 11 आणि 20 तारखेच्या आसपास, अकाउंट्सवाल्यांची मशीन किती दमते ते बघा. हॉटेल असेल तर डिसेंबरची अखेर.

यूएसबी डोंगलवर, म्हणजे लायसन्सची छोटी किल्ली मशीनला खोचल्यावरच, चालणारी सॉफ्टवेअर वेगळी टिपून ठेवा, खरी अडचण तीच करतात. टॅलीचे लायसन्सही मशीनला बांधलेले असते. जुन्या मशीनवर ते सरेंडर करून नव्यावर पुन्हा चालू करावे लागते.

२. विंडोजच्या लायसन्सचा हिशेब करा. बहुतेकांचे बजेट इथेच कोलमडते. विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये मशीनमधल्या सगळ्या कोअरचे (प्रोसेसरच्या आतल्या स्वतंत्र भागांचे), निदान 16 कोअरचे, लायसन्स घ्यावे लागते आणि त्यावर दोनच व्हर्च्युअल विंडोज सर्व्हर चालवता येतात. चार हवेत? मग सगळ्या कोअरचे लायसन्स पुन्हा एकदा. संख्या बरीच वाढणार असेल तर डेटासेंटर आवृत्ती परवडते. प्रॉक्समॉक्स फुकट आहे म्हणून त्याच्या पोटातले विंडोज फुकट होत नाही, हे मालकांना आधीच सांगून ठेवा.

३. आता पर्याय बघा. व्हीएमवेअर वर्षानुवर्षे मुरलेले आहे, पण नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने ते घेतल्यावर एकदाच पैसे भरायची कायमस्वरूपी लायसन्स बंद झाली आणि सब्स्क्रिप्शन आले. लहान ऑफिसने नव्याने त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे. तुमच्या ईआरपीवाल्याने (हिशेब, साठा सांभाळणारे सॉफ्टवेअर देणाऱ्याने) "आम्ही फक्त व्हीएमवेअरवरच सपोर्ट देतो" असे लेखी दिले असेल तर गोष्ट वेगळी.

विंडोज सर्व्हर घेणारच असाल तर हायपर-व्ही त्यातच येते. विंडोजवर हात बसलेला माणूस ते सहज सांभाळतो.

प्रॉक्समॉक्स डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभे आहे, आत व्हर्च्युअल मशीन चालवायला लिनक्सचेच केव्हीएम असते. सब्स्क्रिप्शन नसेल तर लॉगइन करताना तशी पाटी येते, पण म्हणून कुठली सोय बंद होत नाही. मात्र रात्री काही अडले तर लिनक्सच्या कमांड मारणारा कोणीतरी हाताशी हवा. तो पणजीहून फोनवर मिळाला तरी चालेल, पण मिळाला पाहिजे. दोन सर्व्हरचा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारी जोडी, करणार असाल तर तिसऱ्या मतासाठी एखादे छोटे मशीन लागते. नाहीतर एक बंद पडला की दुसऱ्याकडे बहुमत उरत नाही आणि तोही नवी व्हर्च्युअल मशीन सुरू करायला नकार देतो.

४. चाचणी घ्या, तीही बॅकअपची. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती 180 दिवस चालते, म्हणजे पैसे न मोजता हायपर-व्ही आणि प्रॉक्समॉक्स दोन्ही चालवून बघता येतात. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना, ते आधी बघा. विंडोज असेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर, सीपीयूखाली, ते 'एनेबल्ड' दिसते. प्रॉक्समॉक्सवर विंडोज टाकताना व्हर्च्युअल डिस्क व्हर्टआयओ प्रकारची निवडली असेल तर व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ फाइल (सीडीची प्रत) सोबत जोडा, नाहीतर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही आणि माणूस उगाच केबल तपासत बसतो.

मग एक व्हर्च्युअल मशीन मुद्दाम उडवा आणि बॅकअपवरून परत उभी करा. घड्याळ लावून. स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था) म्हणजे बॅकअप नव्हे, कारण तो सहसा मूळ डिस्कच्याच शेजारी पडलेला असतो. फेब्रुवारी 2023 मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स या रॅन्समवेअरने (खंडणीसाठी डेटा अडवणाऱ्या व्हायरसने) जगभरचे व्हीएमवेअर सर्व्हर कुलूपबंद केले. ज्या जुन्या त्रुटीतून ते घुसत असल्याचे समोर आले, तिचा पॅच (दुरुस्ती) दोन वर्षे आधीच निघाला होता. म्हणून बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली ठेवा आणि सर्व्हरच्या व्यवस्थापनाचे पान इंटरनेटवर उघडे टाकू नका.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. यूपीएसची बॅटरी संपत आली की व्हर्च्युअल मशीन आधी आणि मुख्य सर्व्हर शेवटी, असे आपोआप बंद होतात का, तेही प्लग काढून बघा. हे जिथे जमले नाही, तो पर्याय बाद.

५. दिवस ठरवा. कारखान्याला चवथीची सुट्टी बरी, हॉटेलला जून ते सप्टेंबर. आधी फायलींचा सर्व्हर हलवा, अकाउंट्स सगळ्यांत शेवटी. जुने सर्व्हर बंद करा, पण एक महिनाअखेर नव्यावर नीट पार पडेपर्यंत त्यांची डिस्क पुसू नका आणि भंगारवाल्यालाही बोलावू नका.