गणितवाल्यांचं जेवण आणि गप्पा जमवायच्यात?

शनिवार संध्याकाळ धरा, रविवारी निम्मे लोक क्लासेसमध्ये अडकलेले असतात. डेक्कनच्या आसपास थाळीवाल्याचा वरचा हॉल मिळतो का बघा, पण फळा ठेवायला जागा आहे ना ते स्वतः जाऊन बघा, आणि वर्गणी आधीच जीपेवर घ्या नाहीतर ‘येतो येतो’वाले ऐनवेळी गायब. भाषण जेवणाआधीच, चाळीस मिनिटं बास, मसालेभातानंतर सिद्धता कोण ऐकतंय!

विषय हात चालेल असा. म्हणजे फर्ग्युसनला शिकलेले आपले गणितज्ञ कापरेकर, त्यांचा खेळ: कुठलाही चार अंकी आकडा, समजा ३५२४ घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, ३०८७ येतात, त्यावर पुन्हा हेच केलं की ८३५२, मग ६१७४, आणि पुढे तेच तेच. ११११सारखे सगळे अंक सेम नकोत. ३०८७चे अंक चढत्या क्रमाने लावताना ०३७८ मधलं शून्य कोणीतरी खातंच, तिथे लक्ष ठेवा.