उपग्रहासाठी स्थिर वीज निचरणारं नॅनोट्यूब-इपॉक्सी

भूस्थिर कक्षेत उपग्रहाच्या विद्युतरोधक पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन साचतात. हजारो व्होल्टचा फरक पडला की ठिणगी उडते आणि जवळचं सर्किट जातं. हा विद्युतभार हळूहळू निचरावा म्हणून पृष्ठरोध (पृष्ठभागावरून वीज वाहायला होणारा अडथळा) साधारण १ लाख ते १०० कोटी ओहम प्रति चौरस ठेवतात. नुसत्या इपॉक्सीचा (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनचा) रोध याहून कितीतरी जास्त असतो. २०११ साली निघालेल्या जूनो यानावर या कामासाठी कार्बन नॅनोट्यूबचे (वीज वाहणाऱ्या अतिसूक्ष्म कार्बन नळ्यांचे) पातळ पत्रे लावले होते. इथे मात्र नॅनोट्यूब रेझिनमध्येच मिसळायच्या आहेत.

बिस्फेनॉल-ए इपॉक्सी १०० ग्रॅम, डीईटीडीए हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) २३.७ ग्रॅम, मल्टिवॉल (एकात एक अनेक थरांच्या) नॅनोट्यूब ०.६२ ग्रॅम. हार्डनरचं हे माप रेझिनचा तुल्यभार (एका इपॉक्सी गटामागे येणारं रेझिनचं वजन) १८८ धरून आहे. बॅचच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर ४४.६ ला त्याने भागून १०० ने गुणा. नॅनोट्यूबची भुकटी फ्यूम हूडमध्येच (हवा ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात) तोला, मास्क आणि नायट्राइल हातमोजे घालून.

खरी कसोटी नॅनोट्यूब विखुरण्याची. नुसतं ढवळलं तर पिठल्यासारख्या गुठळ्या राहतात आणि वीज वाहणारं जाळं तुटक होतं. अ‍ॅसिटोनमध्ये सोनिकेशन (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणं) सोपं वाटतं, पण उरलेलं अ‍ॅसिटोन पुढे निर्वातात बाहेर पडतं. त्यापेक्षा थ्री-रोल मिल (तीन फिरत्या रुळांमधल्या बारीक फटींतून माल दळणारं यंत्र) घ्या. हार्डनर न घालता रेझिन आणि नॅनोट्यूब आधी १२०/४०, मग ६०/२०, शेवटी १५/५ मायक्रॉनच्या (पहिली/दुसरी फट) फटींतून काढा. थेंब काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. मोठे काळे ठिपके दिसेनासे झाले की थांबा. त्यापुढे दळलं तर नळ्या तुटून आखूड होतात आणि रोध उलट वाढतो.

आता हार्डनर मिसळा आणि ७० अंशांवर, फेस बसेपर्यंत, निर्वातात ठेवा. साच्याला सिलिकॉनचं रिलीज एजंट (माल चिकटू नये म्हणून लावतात ते) लावू नका. सिलिकॉनचा अंश लेन्स आणि सौरपट्टीवर जाऊन बसतो. साच्यात ओतून क्युअर करा, म्हणजे तापवून घट्ट करा: १२० अंशांवर २ तास, मग १८० वर ३ तास. तापमान मिनिटाला २ अंशांनीच चढवा.

साच्याला टेकलेल्या बाजूवर रेझिनची पातळ साय धरते, त्यामुळे आतला माल चांगला असूनही मीटर भलताच रोध दाखवतो. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासा, कोरडं कधीही नाही. पूर्ण वाळवून मगच मोजा.

शेवटी एएसटीएम ई५९५ चाचणी (पदार्थातून निर्वातात किती वाफ सुटते ते पाहणारी): निर्वातात १२५ अंशांवर २४ तास. एकूण वजनघट १ टक्क्याच्या आत आणि २५ अंशांच्या थंड पट्टीवर जमणारा अंश ०.१ टक्क्याच्या आत हवा. आकडा चढला तर आधी क्युअर अपुरं राहिलं का आणि हार्डनर जास्त पडलं का ते तपासा. पृथ्वीच्या खालच्या कक्षेत जायचं असेल तर आणखी एक अडचण असते: तिथला अणुरूप ऑक्सिजन इपॉक्सी झिजवतो. सिलिकाचा थर त्याला अडवतो, पण तो स्वतः विद्युतरोधक आहे, म्हणून तिथे इंडियम-टिन ऑक्साइडचा थर घ्यावा.