दम्याचे रक्तरिपोर्ट वाचताना या चुका टाळा

लॅबचा कागद पुढे सरकवून लोक दोनच प्रश्न विचारतात. "इओसिनोफिल वाढलेत, म्हणजे दमाच ना?" किंवा "सगळं नॉर्मल आलंय, म्हणजे दमा नाही ना?" इओसिनोफिल म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. पण दोन्ही प्रश्न चुकीच्या कागदाला विचारलेले. दमा ठरतो लक्षणांवरून आणि स्पायरोमेट्रीवरून: नळीत जोरात फुंकायचं, पंप घ्यायचा, थोडं थांबून पुन्हा फुंकायचं. मोठ्या माणसात पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली, तर निदानाला बळ येतं. रक्ताची पाळी त्यानंतर. दमा कुठल्या जातीचा आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल, एवढंच रक्त सांगतं. तेही परिस्थिती विचारात घेतली तरच.

टक्के बघून मोकळं होणं

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर इओसिनोफिलसमोर टक्के छापलेले असतात आणि नजर तिथेच अडकते. लागते ती प्रत्यक्ष संख्या, म्हणजे एईसी. एकूण पांढऱ्या पेशी ६,००० आणि इओसिनोफिल ५ टक्के, तर एईसी ३००. पेशी १२,००० आणि इओसिनोफिल ३ टक्के, तर ३६०. टक्के कमी असलेल्याचीच संख्या जास्त निघाली. १५० किंवा त्याहून जास्त आकडा ॲलर्जीच्या वळणाच्या, म्हणजे 'टाइप-२' दम्याकडे बोट दाखवतो. दम्यावरच्या महागड्या 'बायोलॉजिक' इंजेक्शनांसाठी औषधानुसार १५० किंवा ३०० अशी रेघ ओढलेली असते. पण हा आकडा एकाच दिवसातही हलतो: रात्री वर, दुपारकडे खाली. म्हणून एका कागदावर शिक्का मारू नये.

गोळी चालू असताना रक्त देणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. प्रेडनिसोलोन, बेटामेथासोन यांसारख्या स्टेरॉइड गोळ्यांनी रक्तातले इओसिनोफिल काही तासांतच घसरतात. रात्री धाप लागली, जवळच्या दवाखान्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं आणि सकाळी शहाण्या माणसासारखं रक्त देऊन आलात, तर ५० चा आकडा येणारच. त्यावरून 'हा टाइप-२ नव्हे' म्हणणं म्हणजे भरतीच्या वेळी किनारा पाहून खडक नाहीत म्हणणं. गोळ्यांचा कोर्स संपून एक-दोन आठवडे झाले की तपासणी करावी, आणि आकडा कमी आला तर तीन वेळांपर्यंत पुन्हा करावी. रोजची गोळी चालू असलेल्यांनी ती मनाने बंद करायची नाही, ते धोक्याचं आहे. डॉक्टर डोस शक्य तितका खाली आणून बघतील.

गावात मिळणाऱ्या 'दम्याच्या पुडी'बद्दल तर कोणी सांगतच नाही. दोन तासांत छाती मोकळी करणाऱ्या पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावीच. डॉक्टरांना पुडी दाखवा. रागावले तरी चालेल.

तोंडाने ओढायचा पंप मात्र तपासणीसाठी थांबवू नका. उपाशी राहायचीही गरज नाही. सर्दीची गोळी त्वचेवरच्या ॲलर्जी चाचणीला आड येते, रक्तातल्या आयजीईला, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या प्रतिपिंडाला, नाही.

जंत विसरणं

कोकणात हे विसरून चालत नाही. अनवाणी लावणी लावणाऱ्याच्या पायाच्या कातडीतून अंकुशकृमीची अळी आत शिरते आणि फुफ्फुसांतून प्रवास करत आतड्यात पोहोचते. इओसिनोफिल वाढतात, आयजीईही वाढतं, वर खोकला असतोच. रिपोर्ट हुबेहूब ॲलर्जीच्या दम्यासारखा. आकडा मोठा असेल तर आधी शौचाची तपासणी, तीही एकाच नमुन्यावर न थांबता. स्ट्रॉन्जिलॉइडिस नावाचा कृमी अंगात असताना स्टेरॉइडचा मोठा डोस दिला, तर तो शरीरभर पसरून जिवावर बेतू शकतं.

आकडा ३,००० च्या वर, रात्री कोरडा खोकला, बारीक ताप, वजन उतरलेलं, असं चित्र असेल तर हत्तीरोगाच्या कृमीमुळे होणारा फुफ्फुसाचा विकार आठवावा. हा दमा समजून वर्षानुवर्षे पंप ओढणारे असतात, आणि औषध आहे डायइथाइलकार्बामॅझिन, साधारण तीन आठवड्यांचं. दीड हजाराच्या वर आकडा टिकून असेल आणि हातापायांना बधिरपणा किंवा अंगावर पुरळ असेल, तर रक्तवाहिन्यांच्या आजाराचा शोध घ्यायला मोठ्या रुग्णालयात जा.

आयजीई वाचून मासळी बंद

ॲलर्जी पॅनेलमध्ये कोळंबीसमोर 'पॉझिटिव्ह' आलं की घरात सुतक. धुळीतल्या माइट नावाच्या किड्यात आणि कोळंबी-कुर्लीत ट्रोपोमायोसिन नावाचं जवळजवळ सारखं प्रथिन असतं. आपल्या दमट घरांत, गाद्यांत माइटला काय तोटा! त्यामुळे माइटची ॲलर्जी असलेल्याचं रक्त कोळंबीलाही ओळख दाखवतं. आजवर सुंगटं (कोळंबी) खाऊन कधी खाज, सूज, उलटी, घरघर काही झालं नसेल, तर नुसत्या कागदावरून ती सोडण्याचं कारण नाही. झालं असेल तर मात्र घरी प्रयोग नको. आणि बांगडा-सुरमईचं मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन वेगळंच आहे. कोळंबीवरून त्यांना शिक्षा कशाला? आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडावर आधारलेले 'फूड इन्टॉलरन्स' पॅनेल तर पैसे घालवण्याचा धंदा आहे, असं माझं स्पष्ट मत.

एकूण आयजीई ५०० च्या वर असेल तर ॲस्परजिलस बुरशीचं विशिष्ट आयजीई मागून घ्या. या बुरशीच्या ॲलर्जीमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराच्या (एबीपीए) २०२४ च्या सुधारित निकषांत ही रेघ हजारावरून ५०० वर आली. आणि ओमॅलिझुमॅब हे आयजीईला पकडणारं इंजेक्शन चालू केल्यावर एकूण आयजीई वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, औषधाला चिकटलेलं आयजीईही मोजलं जातं.

आकडा कमी म्हणजे आजार हलका?

नाही. चुलीचा किंवा भाजावळीचा धूर, बिडी, वाढलेलं वजन यांच्या सोबतीने येणारा दमा बऱ्याचदा कमी इओसिनोफिलचा असतो आणि स्टेरॉइडला कमी दाद देतो. त्याला ओळखणारी खात्रीची रक्ततपासणी अजून नाही. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) वाढलेत म्हणून 'न्यूट्रोफिलिक दमा' ठरवणंही चूक. रक्तातले न्यूट्रोफिल बेडक्यातल्या न्यूट्रोफिलशी फारसे जुळत नाहीत.

जुने सीबीसी टाकून देऊ नका. इंजेक्शनाचा निर्णय घेताना डॉक्टर गेल्या वर्षातला सर्वांत मोठा आकडा शोधतात. फक्त पावसाळ्यात लेप्टो किंवा डेंगीच्या संशयाने तापात काढलेल्या रिपोर्टवर तशी खूण करा, कारण तापात इओसिनोफिल खाली जातात. प्रत्येक कागदाच्या मागे पेनने लिहा: रक्त किती वाजता दिलं, ताप होता का, स्टेरॉइडची शेवटची गोळी कधी घेतली.