चिऱ्याच्या भिंतीला चढणारी ओल: माझा अनुभव

राजापूरजवळचं आमचं घर जांभ्या चिऱ्याचं. माजघराच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल चढायची, पांढरा खार फुटायचा, रंगाचे पोपडे पडायचे. ओल पावसाळ्यानंतरही हटत नव्हती, आणि छप्पर कोरडं होतं. म्हणजे पाणी जमिनीतूनच वर येत होतं. जुन्या जोत्यात ओलरोधक थर नसतो. चिरा सच्छिद्र, पाणी सहज ओढून घेतो.

आधी बाहेर पाहिलं. अंगणात वर्षानुवर्षं भर पडून माती जोत्याच्या वर आली होती. ती उपसली, पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून दूर नेणारा उताराचा चर काढला. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, आणि लोक नेमकं हेच टाळतात!

मग आतला सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत खरवडला. सिमेंट ओल अडवत नाही, कोंडतं; ती आणखी वर चढते. बाहेरच्या जमिनीपासून साधारण 15 सें.मी. वर, आडव्या सांध्यात 12 मि.मी.ची भोकं 12 सें.मी. अंतरावर पाडून सिलेनचं क्रीम भरलं; हे रसायन भिंतीत मुरून पाणी वर चढू देत नाही.

त्यानंतर थांबायचं. भिंत सुकायला दर 25 मि.मी. जाडीला सुमारे महिनाभर घेते, म्हणून गवंड्याला घाई करू दिली नाही. फुटलेला खार कोरड्या ब्रशने झाडला; पाण्याने धुतला तर तो परत भिंतीत मुरतो. शेवटी एकास तीन चुना-वाळूचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी. ऑइलपेंट अजिबात नको.